एसीतला गॅस शोधणारा थॉमस मिजली

आमच्या एगैलात जून ते सप्टेंबर गाडीचा एसी ही चैनीची वस्तू नसते. दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताने धरवत नाही, सीटबेल्टच्या कडीचा चटका बसतो, आणि बरोबर लहान मूल असेल तर आधी गाडी सुरू करून, एसी लावून, आतली हवा जरा निवल्यावरच त्याला मागे बसवावं लागतं. याच कुवेतमध्ये मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्यही केलं. गावाकडच्या मंडळींना हे आकडे सांगितले की पहिला प्रश्न येतो, तुम्ही तिथे राहता तरी कसे? उत्तर एकच, एसीत. घरात एसी, ऑफिसात एसी आणि या दोघांच्या मधल्या रस्त्यावर गाडीतला एसी.

हा मधला एसी रुसला की ओळखीतल्या दहा जणांपैकी नऊ जण एकच निदान करतात. गॅस संपला असेल, भरून घे. जणू गॅस म्हणजे पेट्रोलसारखी जळून संपणारी वस्तू. प्रत्यक्षात तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. होसपाइपमधून अगदी थोडा झिरपतो तेवढाच, नाहीतर वर्षानुवर्षं पुरतो. कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर गेला. कुठून गेला आणि बाहेर जाऊन त्याने काय केलं, हे दोन प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्या माणसाने असा गॅस पहिल्यांदा थंडाव्याच्या कामाला लावला, त्यानेही दुसरा प्रश्न विचारला नव्हता. त्याचं नाव थॉमस मिजली. उन्हाळ्यात त्याची आठवण काढावी असा आम्हा आखातवाल्यांवर त्याचा उपकार आहे. पण त्याची गोष्ट फक्त उपकाराची नाही, म्हणूनच ती नीट सांगायला हवी.

इंजिनातले ठोके

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडिलांचं नावही थॉमसच, म्हणून याच्या नावापुढे कायम 'धाकटा' लागलं. वडील मोटारीच्या टायरांवर काम करणारे संशोधक. आईचे वडील करवतीचे, दाते बदलता येतील अशा करवतीचे शोधक. आपल्याकडे एखाद्या घरात गाणं असतं, तसं या घरात शोध लावणं होतं. बालपण ओहायोतल्या कोलंबसमध्ये गेलं. बेसबॉल खेळताना चेंडू हवेत जास्त वळावा म्हणून त्याने एका झाडाच्या सालीचा चिकट रस वापरून पाहिला, अशी त्याच्या शाळेतली आठवण सांगतात. समोर अडचण दिसली की हाताला लागेल ते वापरून बघायचं, ही सवय तेव्हापासूनची.

१९११ साली तो कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि त्याच वर्षी त्याचं लग्नही झालं. पुढे रसायनशास्त्रातले सगळे मोठे मान मिळवणारा हा माणूस शिकला होता यंत्रं. रसायनशास्त्र तो काम करता करता शिकला. डेटन शहरात कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत थोडा काळ काढल्यावर १९१६ साली तो चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत आला. केटरिंग म्हणजे मोटारीला हँडल मारण्यापासून सोडवणारा माणूस. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बटणावर चालू होणारा सेल्फ स्टार्टर आला, तो त्यांचा. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेली आणि मिजलीही तिच्याबरोबर गेला.

तेव्हा इंजिनांना एक जुनाट रोग होता, नॉकिंग. चढावर किंवा जास्त ओझं पडलं की सिलिंडरमध्ये हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येई, ताकद कमी होई, कधी पिस्टनही फुटे. लोक बोट दाखवत केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनकडे. मिजलीने ऐकीव निदानावर विश्वास ठेवला नाही. त्याने इंजिनाला काचेची खिडकी बसवली, आतला जाळ पाहिला, दाब मोजला आणि दाखवून दिलं की दोष ठिणगीचा नाही, इंधनाच्या जळण्याचा आहे. काम तिथे संपलं नाही. केटरिंग यांना एक रानफूल आठवलं. त्याच्या पानांची मागची बाजू लाल असते आणि ते बर्फातही लवकर फुलतं. लाल रंग उष्णता शोषत असेल, मग रॉकेल लाल केलं तर? हाताशी लाल रंग नव्हता म्हणून मिजलीने आयोडीन टाकलं, आणि ठोके थांबले! मग खरा लाल रंग मिळवून टाकला, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे कल्पना चुकीची, पण गुण आयोडीनमध्ये होता. आयोडीन महाग आणि धातू खाणारं, त्यामुळे पुढचा शोध सुरू झाला.

तो पाच वर्षं चालला. ॲनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटे की घरच्यांनाही जवळ येववत नसे. शेवटी मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून, कोणत्या दिशेने गुण वाढतो ते बघत बघत तो शिशापर्यंत पोचला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग इंजिनात घातलं आणि ठोके गायब झाले. एका गॅलन पेट्रोलला चहाचा चमचाभर सुद्धा नको, इतकं ते जालीम होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर असं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. विक्रीसाठी नाव ठेवलं एथिल. शिसं हा शब्द नावात नव्हता.

इथून गोष्टीला काळी कड येते. शिसं विषारी आहे, हे रोमन काळापासून माहीत होतं. त्याच १९२३ च्या सुरुवातीला मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडला आणि मोकळी हवा घ्यायला फ्लोरिडात जाऊन राहिला. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे त्याला आणि केटरिंग यांना ठाऊक होतं, पण अल्कोहोल कुणीही बनवू शकत होतं आणि शिशाच्या संयुगावर हक्क सांगता येत होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले आणि तीसहून जास्त जणांना दवाखान्यात हलवावं लागलं. ३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर उभा राहिला, ते रसायन त्याने आपल्या हातांवर ओतलं आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. दीड वर्षापूर्वी याच विषाने आपण अंथरूण धरलं होतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? काही महिने विक्री थांबली, सरकारी चौकशी झाली आणि १९२६ साली पेट्रोल पुन्हा पंपावर आलं.

ज्या देशाच्या तेलावर आम्हा हजारो मराठी माणसांच्या चुली पेटतात, तिथे बसून हे लिहिताना वाटतं की आपण या गोष्टीबाहेर नाही. भारतात तर २००० सालापर्यंत शिसं घातलेलं पेट्रोल होतंच. पुण्यामुंबईच्या पंपांवरच्या 'अनलेडेड'च्या पाट्या माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. त्याआधी सिग्नलला उभं राहून आपण जो धूर गिळला, त्यात मिजलीचा तो चमचा होता.

फ्रिजमधला विषारी गॅस

आता एसीकडे येऊ. १९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी विजेचे फ्रिज येऊ लागले होते. त्यांत गॅस असे सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथाइल क्लोराइड. पहिले दोन नाकाला झोंबणारे आणि विषारी. तिसऱ्याला फारसा वास नाही, म्हणून तो अधिक घातक. रात्री झोपेत गॅस गळून माणसं दगावल्याच्या बातम्या येत. लोक फ्रिज मागच्या पडवीत ठेवू लागले. जनरल मोटर्सचीच फ्रिजिडेअर ही फ्रिजची कंपनी होती, तेव्हा १९२८ साली केटरिंग यांनी मिजलीकडे निरोप धाडला. विषारी नाही, पेट घेत नाही आणि फ्रिजमध्ये नीट चालतो, असा गॅस हवा.

हा गॅस करतो काय, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. उन्हाळ्यात हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं, कारण स्पिरिट उडताना हाताची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणीही तसंच गार होतं. फरक इतकाच की माठातलं पाणी उडून जातं आणि एसीतला गॅस परत आणला जातो. तो गाडीच्या डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि आतल्या हवेची उष्णता पितो. कॉम्प्रेसर त्याला दाबून रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे तो ती उष्णता बाहेरच्या हवेला देतो, पुन्हा द्रव होतो आणि परत आत येतो. म्हणजे हवं होतं असं द्रव्य, जे शून्याखाली बरंच आधी उकळतं आणि तरी माणसाला मारत नाही.

मिजलीने पुन्हा मूलद्रव्यांचा तक्ता पुढ्यात घेतला. अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅक्नेरी हे दोन सहकारी बरोबर होते. त्यांची नजर फ्लोरीनवर गेली. फ्लोरीनचं नाव काढलं तरी रसायनवाले दचकत, पण कार्बनशी घट्ट बांधलेलं फ्लोरीन निरुपद्रवी असेल असा त्यांचा हिशेब होता. अशी संयुगं फ्रेडरिक स्वार्ट्स या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकातच बनवली होती, मात्र त्यांचा असा उपयोग कुणाला सुचला नव्हता. उत्तर तीन दिवसांत मिळालं, असं सांगतात. वापरायचं रसायन अमेरिकेत फार थोडं मिळे. त्यांनी पाच लहान बाटल्या आणल्या. पहिल्या बाटलीतून गॅस बनवला, गिनी पिगला हुंगवला, तो मजेत. दुसऱ्या बाटलीतून बनवला, गिनी पिग मेला. तपासलं तर पाचपैकी चार बाटल्यांतला माल भेसळीचा निघाला आणि त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होत होता. योगायोगाने पहिली बाटली शुद्ध होती. भेसळीची बाटली आधी हाती आली असती, तर कदाचित हा मार्गच सोडून दिला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटात रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. मिजलीने सर्वांसमोर तो गॅस छातीभर ओढून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली उभा. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. या वेळी दाखवलेलं खरं होतं. हाच फ्रीऑन, आपल्या मेकॅनिकांच्या भाषेत आर-१२. घरात, दवाखान्यात, आगगाडीत, थिएटरात तो निर्धास्त वापरता येऊ लागला. १९४० च्या मॉडेलमध्ये पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच बसवलेला गाडीचा एसी दिला. कूलिंग कॉइल मागच्या डिकीत, कॉम्प्रेसरला क्लच नाही, त्यामुळे एसी कायमचा बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! थोडं हसू येतं, पण आज आपण ज्या गार हवेत बसून गाडी हाकतो तिची सुरुवात तिथली आहे.

शेवटची चार वर्षं

मान एकामागून एक आले. १९३७ चं पर्किन पदक, १९४१ चं प्रिस्टली पदक, १९४२ चं विलार्ड गिब्ज पदक आणि १९४४ साली अमेरिकन केमिकल सोसायटीचं अध्यक्षपद. नावावर शंभराहून जास्त पेटंट. पण १९४० साली, वयाच्या ५१ व्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि पाय गेले. तिथेही तो स्वभावाला जागला. कुणाच्या मदतीशिवाय पलंगावरून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक रचना स्वतः तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी कोलंबसजवळच्या वर्दिंग्टनमधल्या घरी त्याच दोऱ्या गळ्याभोवती आवळलेल्या अवस्थेत तो मृत सापडला. अधिकृत नोंद आत्महत्येची झाली. वय ५५.

तो गेला तेव्हा त्याच्या दोन्ही शोधांचं कौतुकच होत होतं. हिशेब पुढच्या पिढीने मांडला. पृथ्वीचं वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांना आपल्या नमुन्यांत जिथे तिथे शिसं सापडायला लागलं आणि ते कुठून येतंय याचा माग त्यांनी पेट्रोलपर्यंत नेला. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवलं की फ्रीऑनसारखे गॅस खाली काहीच करत नाहीत, म्हणूनच ते शाबूत राहून वर पोचतात. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेलं क्लोरीन ओझोनचा थर खातं. आर-१२ हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. म्हणजे ज्या गुणासाठी मिजलीने तो निवडला, कशाशीही न भांडण्याचा, तोच गुण घातक ठरला. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरची ओझोनची भली मोठी घट जगासमोर आणली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. १९९५ साली मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना नोबेल मिळालं.

त्या करारानंतर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्यांत आर-१२ जाऊन आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तेराशे-चौदाशे पट. साधा हिशेब करा. गाडीत ६०० ग्रॅम गॅस असतो असं धरलं आणि तो सगळा उडाला, तर जवळजवळ साडेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं झालं. म्हणून आता नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येऊ लागलाय. इथल्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्या मात्र बहुतेक आर-१३४ए वाल्याच.

आता आपल्या गाडीकडे

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दहा वर्षं जुन्या गाडीतून गरम हवा यायला लागली. एका गॅरेजमध्ये पाच मिनिटांत गॅस भरून दिला. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गेलो ते दुसऱ्या गॅरेजमध्ये, आणि भरण्याआधी लीक शोधून द्या असं सांगितलं. तिथला मल्याळी मेकॅनिक ज्या क्रमाने गेला तो क्रम सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, म्हणून सविस्तर देतो.

पहिलं, हवा येतेय का? जोर कमी असेल तर दोष बहुधा गॅसचा नाही, ब्लोअरचा किंवा ग्लोव्ह बॉक्समागच्या केबिन फिल्टरचा. इथल्या धुळीच्या वादळांनंतर फिल्टर काढून बघा, मुठीने माती निघते.

दुसरं, हवेचा जोर आहे पण ती गार नाही, तर बॉनेट उघडून कॉम्प्रेसर पाहायचा. एसीचं बटण दाबलं की टक् असा आवाज होऊन त्याच्या पुढची चकती फिरायला लागली पाहिजे. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, तिथे मशीन लावूनच कळतं. चकती फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायर किंवा क्लचची कॉइल बघायची. गॅस फार कमी झाला असेल तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही, त्याच्या जिवासाठीच ती सोय असते.

तिसरं, रस्त्यावर गार आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा कंडेन्सरच्या जाळीत बसलेल्या मातीवर. बाहेर ४८ अंश असताना त्याला उष्णता टाकायला आधीच जागा नसते. पंखा बदलून किंवा जाळी हलक्या पाण्याने धुऊन काम होत असेल, तर गॅसला हात लावायची गरजच नाही. आणि तासभर गार राहून मध्येच हवा थांबली, थोड्या वेळाने परत आली, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय का ते बघावं.

हे सगळं ठीक निघालं की मगच गेज. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर गॅस गेलाय. माझ्या गाडीत तसंच निघालं. मग तो गेला कुठून? गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथे गॅस गळतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. मेकॅनिकने सिस्टिममध्ये चमकणारा रंग घातला, निळा दिवा घेऊन खाली वाकला आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवट ठिपका दाखवला. रस्त्यावरच्या खड्याने झालेलं टाचणीएवढं भोक.

उरलेला गॅस मशीनने काढून घेतला, हवेत सोडला नाही. कंडेन्सर नवा घातला, जोडांचे ओ-रिंग बदलले, ड्रायरही बदलला. ड्रायर म्हणजे ओलावा शोषणारी लहानशी डबी, सिस्टिम उघडली की ती बदलावीच. मग पाऊण तास व्हॅक्यूम लावला. पंप बंद करून काटा हलत नाही ना, हे थांबून पाहिलं. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिले होते तेवढेच ग्रॅम काट्यावर मोजून भरले. हे वजन महत्त्वाचं. गेजवरचा दाब बाहेरच्या तापमानाने बदलतो, त्यावरून किती गॅस आहे ते नेमकं कळत नाही, आणि कमीइतकाच जास्त गॅसही वाईट. ते झाल्यापासून तो एसी गार आहे.

यात दोन गोष्टी घरच्या घरी करू नयेत. नळ्या स्वतः सोडू नयेत. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, दाबाखाली असतो, हातावर उडाला तर कातडी गोठते. आणि बाजारातला बिननावाचा स्वस्त डबा भरून घेऊ नये. २०११ मध्ये आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा माल भरलेले रेफ्रिजरेटेड कंटेनर फुटले आणि त्यांत कामगार मेले. भेसळ कशाची होती ठाऊक आहे? मिथाइल क्लोराइडची. ॲल्युमिनियमशी त्याचं जमत नाही. ज्या गॅसला घराबाहेर काढायला मिजलीने फ्रीऑन आणला, तोच ऐंशी वर्षांनी मागच्या दाराने परत आला.

मिजलीला खलनायक म्हणावं का, यावर आमच्याकडे शुक्रवारच्या चहावर बराच वाद होतो. माझं मत असं. फ्रीऑनच्या बाबतीत त्याला दोष देता येत नाही. ओझोनचं गणित कळायला आणखी चौरेचाळीस वर्षं लागली आणि त्या गॅसने त्याआधी कितीतरी जीव वाचवले. शिशाच्या बाबतीत मात्र त्याला माहीत होतं, त्याने ते स्वतःच्या अंगावर सोसलं होतं, आणि तरी पत्रकारांसमोर हात धुऊन दाखवले. एकाच माणसाच्या दोन कामांना एकच निकाल लावू नये. शिशाचा तो हिशेब मिटायला फार काळ लागला. जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, शिसं घातलेलं पेट्रोल विकणं २०२१ च्या जुलैत थांबवलं. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर पूर्ववत व्हायला २०६६ च्या आसपासचा काळ उजाडेल, असा अंदाज आहे. तेव्हा आज मागच्या सीटवर बसलेली आपली मुलं पन्नाशीच्या घरात असतील.

तेव्हा मंडळी, मेच्या आधीच गाडी दाखवून घ्या, गर्दी कमी असते. मेकॅनिक गॅस भरतो म्हणाला तर हो म्हणा, पण आधी तो गेला कुठून ते विचारा. निळा दिवा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, गॅस मोजून भरणार का, जुना काढून ठेवणार का, एवढं विचारलं की पुरे. चार दिनार जास्त लागतील, वेळ तासा-दोन तासांचा जाईल. पण महबुल्लाच्या ट्रॅफिकमध्ये भर दुपारी, मागे मूल झोपलेलं असताना, गरम हवा तोंडावर येणार नाही.